खाडाखोड चालेल, पण खालचा आकडा दिसला पाहिजे

मे २०२४ चा शेवट आठवतो ना नागपूरकरांनो? नवतपा चालू होता, दुपारी बर्डीच्या बाजारात पण शुकशुकाट, कूलर रात्री दोन वाजता गरम हवा फेकून राहिला होता, आणि अशात आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर एक स्क्रीनशॉट आला, नागपूर ५६ अंश. छप्पन्न! मी नुकतीच ऑफिसमधून येऊन पंख्याखाली बसले होते आणि खरं सांगते, पहिला विचार हाच आला की आज बाबा असते तर काय म्हणाले असते. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका मोबाईल हातात घेऊन खालीच आले. "पाह्य बेटा, छप्पन्न! आता माणूस जगते का सांग."

आता काय झालं होतं ते सांगते. रामदासपेठेत कृषी विद्यापीठाच्या शेतात जे स्वयंचलित हवामान केंद्र आहे त्याने ५६ दाखवलं, सोनेगावच्याने ५४. आणि त्याच दिवशी वर्धा रोडवरच्या कापूस संशोधन संस्थेच्या शेतातलं केंद्र आणि रामटेकचं केंद्र ४४ च्या आसपास. एकाच दिवशी, एकाच जिल्ह्यात, बारा अंशांचा फरक! हवामान खात्याने लगेच सांगितलं की सेन्सरमध्ये बिघाड आहे, आकडा बरोबर नाही. त्याच्या एकच दिवस आधी, २९ मेला, दिल्लीत मुंगेशपूरच्या केंद्राने ५२.९ दाखवलं होतं, देशभर बातमी झाली आणि मग तपासणीत निघालं की तो सेन्सर ३ अंश जास्त दाखवत होता.

पण दुरुस्तीचा मेसेज कोण फॉरवर्ड करते. ५६ चा स्क्रीनशॉट मला अकरा जणांकडून आला, आणि खात्याचा खुलासा एकाकडून पण नाही. तो मीच शोधून ग्रुपवर टाकला. आणि तो वाचून काका दुसऱ्या दिवशी जे बोलले ते माझ्या डोक्यातून जातच नाही. ते म्हणाले, "म्हणजे हे सगळे आकडे असेच असतेत बेटा. मशीन काही पण दाखवते, अन् त्याच्यावर यांनी ते ग्लोबल वॉर्मिंग उभं केलं. त्या इंग्लंडच्या सायंटिस्ट लोकाचे ईमेल नव्हते का लीक झाले, आकडे लपवले म्हणून?"

मला खूप राग आला होता तेव्हा, आणि उत्तर धड देता आलं नाही. मी सायन्सवाली नाही, मी अकाउंट्सचं काम करते. पण माझे बाबा तीसेक वर्षं रोज पाऊस आणि तापमान मोजत होते, त्यामुळे हा विषय मला परका नाही. नंतर मी बरंच वाचलं, ते सगळं एकदा लिहून काढायचं होतं, म्हणून ही पोस्ट.

आधी बाबांचं सांगते. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी शेतीफार्मवर ते होते (कोणतं ते लिहीत नाही, पुढे कळेल का ते). फार्मच्या कोपऱ्यात तारेचं कुंपण, आत कापलेलं गवत, आणि मधोमध चार पायांवर उभी एक पांढरी लाकडी पेटी, चारही बाजूंनी झिलमिल असलेली, म्हणजे हवा खेळेल पण ऊन आत जाणार नाही. तिचं दार उत्तरेला. मी लहानपणी विचारायची की उत्तरेलाच का, तर बाबा म्हणायचे की दार उघडलं तरी ऊन थर्मामीटरवर पडायला नको म्हणून. जगात या आपल्या बाजूला कुठेही जा, ही पेटी अशीच असते, स्टीव्हन्सन म्हणून स्कॉटलंडचे एक इंजिनियर होते, दीपस्तंभ बांधणारे, त्यांच्या डिझाइनची. साडेआठच्या ठोक्याला पाऊस मोजायचा, मग पेटी उघडायची आणि वाचताना श्वास रोखायचा. आधी पॉइंटनंतरचा आकडा वाचायचा आणि मग पूर्ण अंश, कारण माणूस जवळ उभा राहिला की त्याच्या अंगाच्या उबेने पारा हलायला लागतो आणि पहिल्यांदा हलतो तो पॉइंटनंतरचाच. आठ-नऊ वर्षांची असताना मी पण त्यांच्यामागे श्वास रोखून उभी राहायची.

आणि मग नोंदवही. शाईचं पेन, रबर नाही, पांढरी शाई नाही, ब्लेडने खरवडणं नाही. चूक झाली तर आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा स्पष्ट वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही. बाबा म्हणायचे, खाडाखोड चालेल पण खालचा आकडा दिसला पाहिजे. मी पुढे अकाउंट्समध्ये आले तेव्हा तिथे पण हाच नियम. आता तर १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग चालू ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, म्हणजे तुम्ही नोंद बदलली तर कोणी बदलली, कधी बदलली, आधी काय होतं, सगळं राहतं, पुसता येत नाही.

एका पावसाळ्यात बाबा हिवतापाने पडले, तीन दिवस उठताच आलं नाही, आणि बदली माणूस कोणी दिला नाही. बरे होऊन गेल्यावर त्यांनी त्या तीन दिवसांच्या रकान्यात 'नोंद नाही' असं लिहिलं. महिन्याचा तक्ता वर गेला आणि परत आला. वरच्या साहेबांचं म्हणणं, शेजारच्या गावाचा पाऊस टाका नाहीतर अंदाजाने भरा, रिकामा तक्ता दिसायला बरा नाही दिसत. बाबांनी भरलं नाही. बोलणी खाल्ली, घरी येऊन जेवले नाहीत, पण भरलं नाही. मला वाटतं तेव्हा मी पाचवीत असेन. आई म्हणाली, तीन आकड्यांसाठी कशाला एवढं, आणि बाबा म्हणाले की उद्या कोणी या वहीवरून काही शोधायला बसला तर त्याला हे तीन आकडे खरेच वाटतील ना.

तर काकांचे ते ईमेल. नोव्हेंबर २००९ ची गोष्ट, कोपेनहेगनची मोठी हवामान परिषद महिन्यावर आलेली आणि इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या हवामान संशोधन युनिटच्या सर्व्हरवरून हजारावर ईमेल चोरून कोणीतरी नेटवर टाकले. त्यात युनिटचे प्रमुख फिल जोन्स यांचा १९९९ चा एक ईमेल, ज्यात 'घसरण लपवण्यासाठी ट्रिक' असे शब्द आहेत. झालं, जगभर गाजलं ते. लोकांना वाटलं तापमानाची घसरण लपवली. तसं नव्हतं. घसरण होती ती झाडांच्या खोडातल्या वर्षावलयांच्या आकड्यात. थर्मामीटर नव्हते तेव्हाचं तापमान या वलयांवरून काढतात, पण उत्तरेकडच्या काही भागातली झाडं साधारण १९६० नंतर थर्मामीटरशी जुळेनाशी झाली, थर्मामीटर वर चाललाय आणि झाडं खाली. हे संशोधकांनी पेपरमध्ये आधीच लिहिलं होतं, ते गुपित नव्हतं. पण जागतिक हवामान संघटनेच्या एका अहवालाच्या कव्हरसाठी जो आलेख दिला त्यात झाडांची १९६० नंतरची रेघ कापली आणि तिथून पुढे थर्मामीटरचे आकडे जोडून सलग एकच रेघ काढली, आणि असं केलंय हे त्या आलेखावर धड सांगितलं नाही.

बाबांच्या वहीच्या हिशेबाने बघा. हा आकडा पुसणंच झालं. हेतू वाईट नसेल, कव्हर साधं दिसावं एवढाच असेल, पण बघणाऱ्याला खालचा आकडा दिसला नाही. चौकश्या झाल्या, ब्रिटिश संसदेच्या समितीने केली, आणि जुलै २०१० मध्ये सर म्यूर रसेल यांच्या समितीचा अहवाल आला. त्यांनी म्हटलं की या शास्त्रज्ञांच्या कामाच्या काटेकोरपणावर आणि प्रामाणिकपणावर शंका नाही, पण मोकळेपणा जेवढा हवा तेवढा दाखवला नाही, आणि तो कव्हरचा आलेख दिशाभूल करणारा होता. काकांना मिळालेल्या फॉरवर्डमध्ये पहिला अर्धा भाग नसतो, आणि हवामानाच्या बाजूने बोलणारे बरेच जण दुसरा अर्धा गिळतात. मला दोघांचाही त्रास होतो.

मला त्या सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका माणसाने जोन्सकडे केंद्रांचा मूळ डेटा मागितला तर जोन्सनी उत्तर लिहिलं, त्याचा अर्थ असा की आमची पंचवीस वर्षं या कामात गेली आहेत, तुला डेटा का देऊ, तू तर त्यात चूकच शोधायला बसणार आहेस. मी हे वाचलं आणि मला ऑडिटचे दिवस आठवले. अहो ऑडिटर चूक शोधायलाच येतो! व्हाउचर मागितलं की द्यायचं असतं, तो आवडता असो की नावडता. मला त्यांची बाजू पण कळते, मागणारे सगळेच साध्या मनाने मागत नव्हते, काही जण नुसता वेळ खात होते, आणि काही देशांनी डेटा देताना पुढे देऊ नका अशी अट घातली होती. तरीही. शेवटी २०११ मध्ये त्या युनिटने पाच हजारांवर केंद्रांचा डेटा खुला केलाच, आणि तेव्हा कोणाला त्यात तापमानवाढ खोटी ठरवणारं काही सापडलं नाही. मग आधीच दिला असता तर?

हिमालयाचं प्रकरण तर आपल्या घरचंच. आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचं हवामान बदलावरचं मंडळ, त्यांच्या २००७ च्या अहवालात एक वाक्य होतं की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत किंवा त्याच्याही आधी नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे. २०३५! गंगा, यमुना, ब्रह्मपुत्रा, कोट्यवधी लोक. आणि हे आलं कुठून तर एका पर्यावरण संस्थेच्या रिपोर्टमधून, तो आधारलेला एका विज्ञान मासिकाच्या १९९९ च्या बातमीवर, म्हणजे कोणताही तपासलेला शोधनिबंध नाही. शिवाय त्याच परिच्छेदातले पाच लाखावरून एक लाख चौरस किलोमीटरचे आकडे हे कोटल्याकोव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाच्या १९९६ च्या अहवालाशी जुळतात, आणि तिथे ते ध्रुवीय प्रदेश सोडून सगळ्या जगातल्या हिमनद्यांबद्दल आहेत आणि साल आहे २३५०. हिमालयातल्या सगळ्या हिमनद्या मिळून पाच लाख चौरस किलोमीटर होतच नाहीत, त्याच्या जवळपास पण नाही.

नोव्हेंबर २००९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून निवृत्त झालेले व्ही. के. रैना यांचा एक टिपणवजा पेपर जयराम रमेश मंत्री असताना पर्यावरण मंत्रालयाने काढला, की असं काही विलक्षण वेगाने होताना दिसत नाही. तर आयपीसीसीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी, आपलेच, त्यांनी त्याला चक्क 'वूडू सायन्स' म्हटलं, म्हणजे जादूटोणा. दोन महिन्यांत, २० जानेवारी २०१० ला, त्याच आयपीसीसीला जाहीर करावं लागलं की तो परिच्छेद पुरेशा आधाराशिवाय होता आणि आम्हाला खेद आहे. अहवाल तपासताना काही जणांनी त्या वाक्याला आधार काय असं आधीच विचारलेलं होतं, पण लिहिणाऱ्यांनी ते नीट मनावर घेतलं नाही.

हजारभर पानांच्या खंडातला एक परिच्छेद चुकला यात मला एवढं काही वाटत नाही. चूक माणसाकडून होते, २३५० चं २०३५ होऊ शकतं. पण शंका घेणाऱ्याला जादूटोणावाला म्हणायचं हे कसं चालेल? आणि नुकसान कोणाचं झालं? नंतर २०१९ मध्ये एक अभ्यास आला, शीतयुद्धातल्या अमेरिकन हेरगिरी उपग्रहांचे जुने फोटो खुले झाल्यावर ते वापरून हिमालयातल्या साडेसहाशे हिमनद्या तपासल्या, आणि निघालं की २००० नंतर बर्फ कमी व्हायचा वेग आधीच्या पंचवीस वर्षांच्या दुप्पट आहे. हे खरं आहे, तपासलेलं आहे, घाबरण्यासारखं आहे. पण काकांना सांगितलं की ते म्हणतात, हो हो, २०३५ पण असंच सांगितलं होतं.

आता एक गोष्ट जिथे मी काकांशी पूर्ण भांडायला तयार आहे. ते म्हणतात की हे लोक जुने आकडे बदलतात. हो, बदलतात, आणि बदलायलाच पाहिजेत. कमाल तापमानाच्या थर्मामीटरमध्ये नळी एका जागी चिंचोळी असते, पारा वर चढला की तिथेच अडकून राहतो, तो वाचून झाला की झटकून खाली आणायचा. आता समजा हे काम रोज संध्याकाळी पाचला केलं. मे महिना, पाच वाजता ४४ आहे, तुम्ही झटकलं, तो लगेच परत ४४ वर बसला. दुसऱ्या दिवशी वळवाचा पाऊस आला, दिवसभर ३८ च्या वर गेलंच नाही. पण तुम्ही पाचला वाचाल तर ४४ च दिसणार, कालचं. एक गरम दिवस दोनदा मोजला गेला. हेच सकाळी केलं तर किमान तापमानाच्या बाजूने उलटं होतं, एक थंड पहाट दोनदा मोजली जाते. अमेरिकेत हजारो स्वयंसेवक केंद्रांनी मागच्या शतकात संध्याकाळची वेळ बदलून सकाळची केली, म्हणजे नुसत्या वेळेमुळे रेकॉर्ड थंड व्हायला लागलं. ते दुरुस्त नको करायला?

आणि समुद्राचं तर आपल्या छागलीसारखं आहे. जुन्या लोकांना छागल माहीत असेल, कॅनव्हासची पिशवी, जीपला नाहीतर बैलबंडीला लटकवायची, पाणी पाझरून वाळतं आणि आतलं गार होतं. पूर्वी जहाजावरून कॅनव्हासच्या बादलीने समुद्राचं पाणी काढून त्यात थर्मामीटर बुडवायचे. ते पाणी वर येईपर्यंत गार व्हायचं, छागलीचंच तत्त्व! त्यामुळे जुने समुद्राचे आकडे खऱ्यापेक्षा थंड, ते दुरुस्त करून वर नेले. याचा परिणाम काय झाला माहितीये का, सगळी पृथ्वी धरली तर दुरुस्तीनंतर एकूण तापमानवाढ कच्च्या आकड्यांपेक्षा कमी दिसते. कमी! वाढवून दाखवायचं असतं तर हे कशाला केलं असतं.

ज्याला पटत नव्हतं त्याने स्वतः करून बघितलं असं पण झालंय. बर्कलीचे रिचर्ड मुलर, भौतिकशास्त्रज्ञ, यांना शंका होती की केंद्रं शहरात गेली, काँक्रीट वाढलं, आकडे निवडून घेतले. त्यांनी टीम केली, पैशाचा काही भाग तेल-व्यवसायातल्या कोक यांच्या फाउंडेशनचा, हजारो केंद्रांचा डेटा घेऊन नव्याने हिशेब केला आणि डेटा, प्रोग्राम सगळं खुलं ठेवलं. २०१२ मध्ये त्यांनी जाहीर लिहिलं की अडीचशे वर्षांत जमिनीवरचं तापमान दीड अंशाने वाढलंय आणि जवळजवळ सगळं माणसामुळे. मला हा माणूस आवडतो.

चुका फक्त एका बाजूच्याच होत्या असं पण नाही. अमेरिकेतल्या अलाबामाचे स्पेन्सर आणि ख्रिस्टी, तापमानवाढीवर शंका घेणाऱ्यांतले शास्त्रज्ञ, यांचा उपग्रहाचा रेकॉर्ड कित्येक वर्षं सांगत होता की हवा फारशी तापत नाहीये, २००५ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं की त्यांच्या एका दुरुस्तीत अधिक-उणेचं चिन्हच उलटं होतं. त्यांनी ते मानलं आणि बदललं.

पण माझं सगळ्यात आवडतं उदाहरण २०१८ चं. समुद्राने किती उष्णता शोषली यावर 'नेचर'मध्ये मोठा पेपर आला, बातम्या झाल्या की वाटलं होतं त्यापेक्षा खूप जास्त. थोड्याच दिवसांत निक लुईस नावाच्या इंग्लंडमधल्या गृहस्थांनी, जे हवामान शास्त्राच्या मुख्य प्रवाहावर टीका करणारे म्हणूनच ओळखले जातात, हिशेब तपासून दाखवलं की अनिश्चितता, म्हणजे आकडा किती खालीवर असू शकतो ते, मोजताना चूक झाली आहे. पेपरच्या लेखकांपैकी राल्फ कीलिंग यांनी काय केलं? चूक आमची आहे असं सरळ सांगितलं, लुईस यांचे आभार मानले, आणि २०१९ मध्ये पेपर मागे घेतला. तो पेपर आजही नेटवर आहे, वर 'मागे घेतला' असं लिहिलेलं. आडवी रेघ, खालचं वाचता येतं, बाजूला सही. या राल्फचे वडील म्हणजे चार्ल्स कीलिंग, ज्यांनी १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआवर कार्बन डायऑक्साइडची रोजची मोजणी सुरू केली. वाचताना मला बाबांची खूप आठवण आली.

हे सगळं नागपुरात बसून का लिहून राहिले, तर आपल्याकडे आकड्यावर माणसांचे जीव आहेत. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, मग आपल्या महापालिकेने पण केला, किती अंशांना कोणता इशारा द्यायचा, दवाखान्यात थंड वॉर्ड कधी तयार ठेवायचा हे आकड्यावर ठरतं. ५६ चा खोटा आकडा पाहून ज्याचा विश्वास उडाला तो पुढच्या मे महिन्यात खऱ्या ४६ च्या इशाऱ्याला पण हात झटकणार, आणि दुपारी बांधकामावर जाणारा तोच असला तर? म्हणून मला वाटतं की प्रत्येक स्वयंचलित केंद्राच्या आकड्यासोबत हा तपासलेला की कच्चा हे तिथल्या तिथे लिहिलेलं पाहिजे, सेन्सर शेवटचा कधी तपासला ती तारीख पाहिजे, आणि चुकीचा आकडा गुपचूप काढून टाकण्याऐवजी रेघ मारून तिथेच ठेवला पाहिजे. पुण्याच्या हवामान खात्याच्या साइटवर नकाशावर चौकटी पाडून काढलेला पाऊस-तापमानाचा डेटा फुकट मिळतो, चांगली गोष्ट आहे, तसाच एकेका केंद्राचा रोजचा मूळ आकडा पण कोणालाही अर्ज-बिर्ज न करता मिळावा.

बाबांनी स्वतःसाठी उतरवून ठेवलेल्या नोंदींच्या वह्या माझ्याकडे आहेत, सात वह्या. सध्या मी रात्री जेवण झालं की त्या एक्सेलमध्ये भरून राहिले. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, तू टाइप कर, मी वाचून दाखवतो, मला तशी पण झोप येत नाही. चष्मा लावून, बोट ठेवून, मोठ्याने वाचतात. परवा आम्ही त्या हिवतापाच्या महिन्यात पोचलो. "बारा तारीख, नोंद नाही. तेरा, नोंद नाही. चौदा, नोंद नाही. काहून बेटा, काय झालं होतं?" मी सांगितलं. काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग आता यात काय टाकते?"

"काही नाही काका. रिकामं."

"बरं. पंधरा तारीख, साडेसतरा मिलिमीटर. थांब थांब, इथे रेघ मारली आहे. आधी साडेसत्तावीस लिहिलं होतं वाटते, खाली दिसते. सही पण आहे."

मी शेजारी एक रकाना वाढवला आणि साडेसत्तावीस पण टाइप केलं.